न बोललेलं आधी जातं

“शूटिंगवाल्या बाई, जरा मागं सरा. मंडळींना नवरी दिसू द्या.”

माईकवरून मला हे सांगणारा माणूस माझा सख्खा बाप होता. भर मंगल कार्यालयात, सगळ्या पैपाहुण्यांसमोर. मी खांद्यावरचा कॅमेरा सावरत मागं सरले आणि मनात म्हटलं, बाई तर बाई. गेल्या बारा वर्षांत ते मला जे जे काही म्हणालेत, त्यात हे बरंच गोड आहे. कधी ‘भरतची बहीण’, कधी ‘सांगलीचे पाहुणे’. एकदा तर माझ्या वहिनीला म्हणाले, “त्या पार्टीला चहा दे.” राजुल हे नाव माझ्या बारशाला त्यांनीच ठेवलेलं, पण ते त्यांच्या तोंडून ऐकून एक तप उलटलं होतं.

माझे वडील भूपाल मगदूम, सगळ्या जयसिंगपूरचे आप्पा. लग्नातले निवेदक. ‘मंडळींनी जागेवर बसून घ्यावं, अक्षता जपून टाकाव्यात, नवरदेवाच्या डोळ्यात जाऊ नयेत, आता डोळे उघडे ठेवायची गरज त्यांनाच आहे’ असलं ते बोलायचे आणि अख्खा मांडव हसायचा. शिरोळ तालुक्यात त्यांच्या आवाजाशिवाय लग्न लागलं तर ते नीट लागलं की नाही, अशी शंका म्हाताऱ्यांना यायची.

आणि याच माणसाला एकदा, स्वतःच्या पोरीच्या लग्नात, माईक हातात घेऊन सांगावं लागलं होतं, “लग्न रद्द झालेलं आहे. मंडळींनी जेवून जावं.”

ती पोरगी मी. माझं नाव ज्या राजुलवरून ठेवलं, तिच्या दारातून ऐन लग्नाला आलेल्या नेमिनाथांनी रथ माघारी फिरवला, हे आमच्या जैनांच्या घरात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आमच्याकडं उलटं झालं. राजुलनंच रथ फिरवला. नवऱ्यामुलाचा पुण्यात आधीच एक संसार चालू होता आणि ते मला हळद लागल्यावर कळलं. आप्पा म्हणाले, “आत्ता उभी राहा, नंतर बघू.” मी म्हटलं, “नंतर कोण बघणार? तुम्ही?” मी चुकले नव्हते. त्या दिवशीही नाही आणि आजही नाही. पण बाप असा हट्टी की पुन्हा माझं नाव घेतलं नाही, आणि मी त्याच बापाची, मीही कधी मागितलं नाही. सांगलीला जाऊन लग्नांच्या शूटिंगचा धंदा काढला आणि लोकांची लग्नं बघत बसले.

आज भरतदादाच्या मुलीचं, ऋजुताचं लग्न होतं. तिनंच धोशा लावला होता, “शूटिंग आत्याच करणार, नाहीतर मी कॅमेऱ्याकडं बघणारच नाही.” म्हणून मी आले होते. नाहीतर कशाला येतेय!

---

आप्पांचा आवाज खरं तर दोन वर्षांपूर्वीच गेला होता.

आयुष्यात तंबाखूला बोट न लावलेल्या माणसाला घशाचा कॅन्सर झाला. डॉक्टरांनी स्वरयंत्र काढून टाकलं. गळ्याला श्वासासाठी एक भोक राहिलं, त्यावर ते आता पांढरा रुमाल बांधतात. आणि रुमालाच्या वर, हनुवटीखाली असते कंठपट्टी.

ही पट्टी मुळात मुक्या माणसांसाठी निघालीच नव्हती. ती निघाली खडखडाटात काम करणाऱ्यांसाठी. यंत्रमागाच्या शेडमध्ये, बोअरच्या गाडीवर, जिथं ओरडूनही ऐकू जात नाही तिथं. माणूस बोलतो तेव्हा जीभ, जबडा, हनुवटीखालचे स्नायू हलतात आणि त्या हलण्याला बारीक विजेचे ठसे असतात. पट्टी ते कातडीवरून टिपते आणि फोनला पाठवते. ओठ नुसते हलवा, फोन तुमच्याच आवाजात बोलतो. पण त्याआधी फोनला शिकवावं लागतं. पट्टी घालून महिनाभर मोठ्यानं बोलायचं. म्हणजे ‘पाणी’ म्हणताना तुमचे स्नायू असे हलतात आणि तुमचं ‘पाणी’ असं ऐकू येतं, अशा जोड्या फोन साठवत जातो. एकेका शब्दाच्या शेकड्यांनी जोड्या. याला सगळे ‘सराव’ म्हणतात.

पुढं डॉक्टरांच्या डोक्यात आलं, ज्यांचा आवाज जाणार आहे त्यांच्याकडून आधीच सराव करून घेतला तर? आप्पांनी तसाच केला. ऑपरेशनच्या आधी दादा रोज त्यांच्यासमोर बसायचा, गावांची नावं सांगायचा, माणसांची, पदार्थांची, आणि आप्पा ती बोलायचे. दादानं मला नंतर फोनवर सांगितलं, “तुझं नाव मी तीनदा सांगितलं गं. तिन्ही वेळा खोकल्याचं निमित्त करून पुढं गेले.” तो बिचारा रडायला लागला. मी म्हटलं, “बरंय की, फोनमधली तेवढीच जागा वाचली.” फोन ठेवला आणि मग मीही रडले, ते त्याला सांगितलं नाही.

आवाजचोरांनी लोकांचे आवाज काढून बँका धुतल्या, त्यानंतर कायदाच झालाय, हा सराव फोनबाहेर जाता कामा नये. त्याची दुसरी प्रत कुठंच नसते. म्हणून आप्पांचा फोन भलाथोरला घेतला होता. ऑपरेशन झालं आणि दोनच महिन्यांत ते पुन्हा माईकपुढं उभे राहिले, पट्टी हनुवटीखाली, फोन खिशात, आवाज तोच. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी सांगलीत बसून त्याचा व्हिडिओ बघितला, बऱ्याचदा.

---

सकाळी हळद झाली, चुडा झाला, वऱ्हाड आलं, आणि माझी हार्डडिस्क ऐनवेळी डोळे मिटून बसली. हे नवे चौफेर कॅमेरे म्हणजे बकासूर. तासाभराच्या शूटिंगला कार्ड भरतं. लॅपटॉप आधीच गच्च होता. अक्षतांसाठी एकही रिकामं कार्ड नाही, असं म्हणताच दादा घामाघूम झाला.

“आप्पांच्या फोनात रग्गड जागा आहे की,” तो म्हणाला. “आवाज पट्टीतल्या स्पीकरमधून येतो, फोन जवळपास असला म्हणजे झालं. स्टेजमागच्या खोलीत ठेवू.”

आम्हा शूटिंगवाल्यांना हे नवीन नाही. लग्नात कार्डं भरली की ज्याचा फोन रिकामा त्याच्यात माल ओततो, नंतर परत काढून घेतो. नवरदेवाच्या मामाचा, आचाऱ्याचा, कुणाचाही. मी फोन केबलनं लॅपटॉपला जोडला. लॅपटॉप म्हणाला, चारशे जीबीच्या वर मोकळी. मी खुश! हळदीचा आणि चुड्याचा सगळा माल ओतला. पडद्यावरची रेघ पूर्ण झाली, आणि आमच्या धंद्यातल्या सवयीप्रमाणं कार्डं लगेच साफ करून कॅमेऱ्यांत घातली. मग वऱ्हाड आल्याचा दुसरा गठ्ठा लावला. लॅपटॉपवर आकडा अजूनही चारशेच्या वरच. तेव्हाच माझ्या डोक्यात उजेड पडायला हवा होता. एवढा माल गेला आणि जागा कमी होत नाही, ही काय द्रौपदीची थाळी आहे? पण बाहेर आप्पांनी पुकारा केला, “नवरदेव आले!” आणि मी कॅमेरा उचलून पळाले.

---

“वधूवरांच्या स्वागतासाठी...” आप्पा म्हणाले, आणि मग स्पीकरमधून नुसतं ‘टिक’ आलं.

पट्टीला शब्द ओळखता आला नाही की ती टिक वाजवते. आप्पांनी ओठ पुन्हा हलवले. पुन्हा टिक. कॅमेऱ्यातून मला त्यांचे ओठ जवळून दिसत होते. शब्द होता ‘वाजंत्री’. त्यांनी हसून पट्टी जराशी वर केली आणि शब्द बदलला. “...बँडवाल्यांनी तयार राहावं.” लोकांना काही कळलं नाही.

मी म्हटलं, घामानं पट्टी सरकली असेल.

थोड्या वेळानं ते पाहुण्यांची गावं घ्यायला लागले. हे त्यांचं लाडकं काम. कोण कुठून आलं, कुणाची सोयरीक कुणाशी. “कुरुंदवाडचे, नांदणीचे, अब्दुललाटचे पाहुणे... आणि माझ्या आजोळचे...” टिक. “माझ्या आजोळचे...” टिक. टिक.

शेडबाळ! आप्पांचं आजोळ. ज्या गावाच्या आंब्यांच्या गोष्टी ऐकत आम्ही वाढलो. त्यांनी हाताची बोटं हनुवटीखाली दाबून धरली आणि पुन्हा ओठ हलवले, सावकाश, शाळेतल्या पोरासारखे. टिक. आता पुढच्या रांगेतले लोक एकमेकांकडं बघायला लागले. आणि आप्पांच्या चेहऱ्यावर मी जे बघितलं, ते मी बारा वर्षांपूर्वीही बघितलं नव्हतं. ते घाबरले होते.

मी कॅमेरा तिथंच खुर्चीवर टाकला आणि खोलीकडं धावले.

---

लॅपटॉपवर अजूनही तोच आकडा, चारशेच्या वर मोकळी. मी आप्पांचा फोन उचलला आणि त्याच्या स्वतःच्या पडद्यावर बघितलं. तिथं वेगळीच कथा होती. मोकळी जागा, शून्याच्या आसपास. खाली एक ओळ सरकत होती. *साफसफाई चालू आहे. कंठपट्टी, तात्पुरता साठा. बराच काळ न वापरलेलं आधी.*



दादा मागून आला. “काय झालं गं?”

“दादा, मी आप्पांचा आवाज पुसायलेय.”

त्याला काही कळेना, तेव्हा मी त्याला घाईघाईत सांगितलं, ते असं. केबल लावली म्हणजे लॅपटॉपला फोनच्या आतलं दिसतं असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. लॅपटॉप दाराबाहेर उभा असतो आणि फोनला विचारतो, बाबा रे, तुझ्याकडं जागा किती? फोन जे सांगेल ते तो पडद्यावर लिहितो, आणि एकदा लिहिलं की तेच धरून बसतो. आता लग्नघरी फोन करून विचारा, चार माणसं झोपायला येऊ का? घरची बाई म्हणते, या की, रग्गड जागा आहे! जागा कुठली? खाटेवर पोरं झोपलेली असतात. पण तिच्या हिशेबात ती जागा मोकळीच, पाहुणे आले की पोरांना उचलून खाली घालायचं. फोनचंही तसंच. ज्याला तो ‘पुन्हा तयार करता येईल’ असं समजतो, ती सगळी जागा तो बाहेरच्याला मोकळी म्हणून सांगतो, आणि माल यायला लागला की ते उचलून फेकतो. फक्त आपल्या स्वतःच्या पडद्यावर तो खरं दाखवतो, आणि तिथं मी बघितलंच नाही.

“पण आप्पांचा सराव पुन्हा तयार कसा करता येईल?” दादा म्हणाला.

“कंपनीनं धरलं होतं की करता येईल. यंत्रमागवाला पुन्हा महिनाभर बोलेल, झालं काम. ज्याच्याकडं आवाजच उरला नाही असा माणूस त्यांच्या ध्यानीमनी नव्हता.”

दादा केबलकडं धावला. “केबल काढ की मग! बंद कर फोन!”

“केबल काढून काय उपयोग? व्याह्याचं घोडं दारात नाही, पार माजघरात बांधलंय.” तोंड आपलं चालूच होतं, तो माझा स्वभाव. मी दुसरा गठ्ठा थांबवला. पण लॅपटॉपनं आधीच फोनला वर्दी दिली होती, एवढं मोठं येतंय, जागा कर. फोन इमानेइतबारे जागा करत सुटला होता. बंद केला असता तर चालू होताना आधी झाडूच मारला असता. एकच इलाज होता. त्याला जेवढी जागा हवीय तेवढी आपणच खरीखुरी मोकळी करून द्यायची, म्हणजे झाडू थांबेल. आणि ती करायची तर सकाळचा माल पुसायला हवा होता, परत काढून घ्यायला वेळ कुठला?

हळद. चुडा. कार्डं मी साफ केलेली. जगात दुसरी प्रत नाही.

“अगं, ऋजूची हळद...” दादा म्हणाला. “मी तिला हळद लावताना रडलो होतो ते... तिची आई... राजू, एकुलती एक पोरगी आहे गं माझी.”

बाहेर स्पीकरवर टिक झालं. मग आणखी एक.

“हळद तिच्या अंगाला लागलीय ना?” मी म्हटलं. “मग ती कुठं जात नाही.”

दादानं डोळे पुसले, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, “पूस.”

मी बटण दाबलं. रेघ सुरू झाली, आणि काय तिची चाल! गोगलगाय परवडली. गच्च भरलेला फोन एका हातानं माझा माल पुसत होता आणि दुसऱ्या हातानं आप्पांचे शब्द फेकत होता. कोण आधी संपवतो, एवढाच प्रश्न.

मग माझी नजर पुन्हा त्या ओळीवर गेली. *बराच काळ न वापरलेलं आधी.*

म्हणजे जो शब्द आत्ता वापरला जाईल, तो रांगेत सगळ्यात मागं जाईल. जे बोललं जाईल ते वाचेल.

“दादा, इथून हलू नकोस. रेघ संपली की दारातून हात वर कर,” मी म्हटलं आणि स्टेजकडं पळाले.

---

आप्पा माईकपुढं उभे होते. गुरुजी अंतरपाट धरायची तयारी करत होते. सगळे मंगलाष्टकांची वाट बघत होते. आप्पांनी एक हात पट्टीवर ठेवला होता.

बारा वर्षांत मी त्यांच्या इतक्या जवळ उभी राहिले नव्हते. “आप्पा,” मी माईकवर तळवा ठेवून म्हटलं, “माझ्या हातून घोळ झालाय. फोन तुमचे शब्द पुसायलाय. जे बरेच दिवस बोलला नाहीत ते आधी जातंय. आत्ता बोलाल ते राहील. थोडाच वेळ आहे, बोला. काहीही बोला, पण जुनं बोला.”

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता हा माणूस मला भर स्टेजवर थोबाडणार. मारलं असतं तरी मी गाल पुढं केला असता, इतकी माझी मला शरम वाटत होती.

त्यांनी माझा हात माईकवरून बाजूला केला आणि बोलायला लागले.

“णमो अरिहंताणं...”

“ते रोजचंच आहे आप्पा! ते कुठं जात नाही! जुनं, जुनं!”

ते क्षणभर थांबले, आणि मग सुटलेच. “मंडळी, अक्षता पडायच्या आधी आज मी तुम्हाला थोडं फिरवून आणणार आहे.” मांडवात हशा. “कृष्णा. पंचगंगा. दूधगंगा. वेदगंगा.” आली, आली, सगळी आली. “नरसोबावाडीची बासुंदी. तंबाखूची वखार. बैलगाडीचं जू, कणा, साटी...” टिक. ओठांवरची शिवळ गेली, जुवाची खुंटी. ते थांबले नाहीत. “पाटी. पेन्सिल. बोरू. टांगा. तार, मंडळी, तार यायची, आणि उघडायच्या आधीच बायका रडायला लागायच्या!” लोक टाळ्या वाजवायला लागले. त्यांना वाटलं, आप्पांनी नातीच्या लग्नात नवीन काहीतरी बसवलंय. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. मी घामानं निथळत उभी होते आणि मनात एकेक शब्द मोजत होते, हा वाचला, हा गेला, हा वाचला.

मग ते माणसांवर आले. “माझे वडील नेमगोंडा. माझी आई गंगूबाई. थोरला भाऊ...” टिक. आप्पांनी डोळे मिटले. रायगोंडाकाका लहानपणीच विहिरीत गेले होते. त्यांचं नाव घरात कुणी काढत नसे. आता ते आप्पांनाही काढता येणार नव्हतं. त्यांनी ओठ एकदा नुसतेच हलवले आणि पुढं गेले. “माझी बायको, सोनाबाई.”

आईचं नाव स्वच्छ आलं. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

“सोनाबाई,” ते पुन्हा म्हणाले, पक्कं करून ठेवल्यासारखं. “भरत. सूनबाई पद्मावती. ऋजुता.” मग शेजाऱ्यांची नावं, वर्गमित्रांची, मेलेल्या गाईचं, माझ्या आईच्या माहेरच्या कुत्र्याचं. मध्येच टिक, मध्येच दोन टिक. गुरुजी घड्याळ दाखवायला लागले, मी त्यांच्याकडं असे डोळे वटारले की ते अंतरपाटामागं गेले.

आणि त्या सगळ्या नावांत माझं नाव नव्हतं.

मी वाट बघत होते, हे खोटं कशाला बोलू? कुत्र्याचं नाव आलं, माझं नाही आलं. नाकाला मिरच्या झोंबल्या खऱ्या, पण त्याहून जास्त झोंबलं ते दुसरंच. मला फोनचा नियम ठाऊक होता. आता त्यांनी मनात आणलं असतं तरी उपयोग नव्हता. सरावात तिन्ही वेळा ज्या नावावर ते खोकले ते फोनात असणार कुठून, आणि कुठूनसं शिरलं असलं तरी बारा वर्षं तोंडात न आलेलं नाव रांगेत सगळ्यात पुढं होतं. वाजंत्रीच्याही आधी, शेडबाळच्याही आधी गेलं असणार. म्हणजे आज माझ्याच हातानं मी ती शक्यताच पुसून टाकली होती.

दारातून दादाचा हात वर झाला.

“आप्पा, झालं,” मी म्हटलं. “थांबलंय. उरलं ते आता तुमचं.”

त्यांनी मान डोलावली. गळ्यावरचा रुमाल वरखाली होत होता, मैलभर धावून आल्यासारखा. मी स्टेजवरून खाली उतरले. अक्षतांचं शूटिंग तरी नीट करावं, निदान तेवढं तरी, असं म्हणत खुर्चीवरचा कॅमेरा उचलायला खाली वाकले.

“राजुल.”

मी वाकलेली तशीच राहिले.

मांडवातल्या सगळ्या स्पीकरमधून आलं ते. टिक नाही, अडखळणं नाही. आप्पांचा तोच आवाज, शाळेतून यायला उशीर झाला की दारात उभं राहून हाक मारायचे तो. सगळा हॉल माझ्याकडं वळला, कारण आमच्या गावात ही गोष्ट ठाऊक नसलेला माणूस नव्हता.

“राजुल, कॅमेरा ठेव खाली. वर ये. अक्षता घे हातात. तू आत्या आहेस तिची.”

मी उभी राहिले आणि माझ्या डोक्यात एकदम लख्ख झालं. हे नाव फोनात होतं! म्हणजे दादासमोर खोकणाऱ्या या माणसानं, आवाज जायच्या आधी, कधीतरी खोलीचं दार लावून एकट्यानं माझ्या नावाचा सराव केला होता. मोठ्यानं, पुन्हा पुन्हा. आणि ते गेलं नव्हतं. वाजंत्री गेली, शेडबाळ गेलं, सख्ख्या भावाचं नाव गेलं, आणि हे राहिलं. आत्ता तर ते बोललेच नव्हते. तरी राहिलं, म्हणजे ते वापरात होतं.

शेजारी ऋजुताच्या आईनं, पद्मावतीवहिनीनं, पदराचा बोळा तोंडाला लावला होता. “वहिनी,” मी विचारलं, “आप्पा घरी कधी...?”

“मला काय ठाऊक गं?” ती म्हणाली. “सकाळी णमोकार म्हणताना पट्टीचा आवाज बंद करून ठेवतात. णमोकार संपला तरी बराच वेळ ओठ हलत असतात. मला वाटायचं, चोवीस तीर्थंकरांची नावं घेतात.”

मी पायऱ्या चढले.

स्टेजवर गेले तेव्हा आप्पांनी ताटातल्या अक्षता स्वतः मुठीत घेऊन माझ्या ओंजळीत टाकल्या. काही दाणे खाली सांडले. “शेडबाळ गेलं आप्पा माझ्यामुळं,” मी कसंबसं म्हटलं. “रायगोंडाकाका गेले.”

त्यांनी पट्टीचा आवाज बंद केला. मग माझ्याकडं बघून नुसते ओठ हलवले. मला लहानपणापासून त्यांचे ओठ वाचता येतात. ते म्हणाले, “ते तू बोल. मी ऐकतो.”

गुरुजींनी मंगलाष्टकं सुरू केली. त्या अक्षतांचं शूटिंग कुणी केलं नाही. कॅमेरा खाली खुर्चीवर पडला होता आणि मी आप्पांच्या शेजारी उभी होते.